सासूंचा पाऊस, सुनांचा पाऊस

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही दुकानात पावसाची चौकशी करावी, तर तरुण मालक मोबाइल पाहून सांगतो, "आज ऑरेंज अलर्ट आहे." त्याच गल्ल्यावर पूर्वी बसणाऱ्या आजोबांचे उत्तर निराळे असे : "मृग लागला. पोती फळीवर चढवा."

सूर्य एका नक्षत्रात सुमारे 13-14 दिवस असतो. त्यावरून मराठी मुलखाने पावसाचे भाग पाडले आणि त्यांना घरातल्या माणसांची नावे दिली. जुलैच्या आरंभीचा पुनर्वसू म्हणजे 'तरणा' पाऊस, त्यामागून येणारा पुष्य 'म्हातारा'. ऑगस्टच्या मध्यावर मघा, तो 'सासूंचा'. महिनाअखेरीस पूर्वा, तो 'सुनांचा'. दोघींत जोर कोणाचा, हा निवाडा ज्या त्या घराने करावा!

कोकणपट्टीत पावसाळ्याच्या तोंडाला 'आगोट' म्हणतात. आगोटीपूर्वी धान्य, मसाले, पापड, सरपण यांची बेगमी होई. चातुर्मासापूर्वी कडधान्ये निवडून, उन्हे देऊन डब्यांत भरण्याची जैन घरांतील रीत हीच. किराणा व्यापाऱ्याला म्हणूनच हा शब्द हवामानाचा कमी आणि खरेदीविक्रीचा अधिक वाटे. 'अलर्ट' आजच्या दिवसापुरता सावध करतो. 'आगोट' महिनाभर आधी कामाला लावी.

अर्थात या नावांवर विसंबून माल वाचतोच असे नाही. 26 जुलै 2005 रोजी पुष्य नक्षत्र चालू होते, म्हणजे पाऊस म्हाताराच. त्या म्हाताऱ्याने सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटरची नोंद केली. कुलाब्याला मात्र शंभरही भरले नाहीत. उपनगरांतील तळमजल्यावरच्या दुकानांचा माल पाण्यात गेला. असा पाऊस कोणत्याच पंचांगात बसत नाही. आकाशाला हप्त्यांची शिस्त कोण लावणार? तेथे हवामान खात्याचाच आधार घ्यावा लागतो.

हस्ताच्या बाबतीत मात्र जुना शब्द आणि नवी नोंद एकमेकांच्या जवळ आली आहेत. सप्टेंबरअखेर लागणारा हा 'हत्तीचा' पाऊस. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने 2020 मध्ये 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. म्हणजे हस्त बव्हंशी पावसाळ्यातच आला. दिवाळीचा माल नेमका याच दिवसांत उतरतो. आजोबांच्या दुकानात हत्ती जाईपर्यंत ताडपत्रीची घडी होत नसे.