मुलांचे कपडे : कोणत्या भागात, केव्हा आणि किती?

अडचणीच्या वर्षी घरातील मोठी माणसे आपला कपडा पुढे ढकलतात, मुलांचा ढकलत नाहीत. बाप जुन्या सदऱ्यावर ईद काढील, पण पोराला नवा जोड घेतल्याशिवाय राहणार नाही. म्हणूनच मुलांच्या कपड्यांचा व्यापार मंदीतही तग धरतो. मात्र हा पैसा बाराही महिने सारखा येत नाही, आणि राज्याच्या सर्व भागांत एकाच वेळी तर येतच नाही. आमच्या पुष्कळ व्यापारी बांधवांचे भांडवल अडकते ते याच ठिकाणी.

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च 4,122 रुपये, तर शहरी भागात 6,996 रुपये आढळला. त्यापैकी कपडे, अंथरूण-पांघरूण आणि पादत्राणे यांवर खेड्यात साडेसहा टक्क्यांच्या आसपास व शहरात सहा टक्क्यांहून कमी खर्च होतो. म्हणजे खेड्यातले पाच माणसांचे घर या सर्वांवर वर्षाला साधारण 16 हजार रुपये घालते. मोठ्यांचे कपडे, चादरी आणि चपला वजा केल्या की मुलांच्या वाट्याला किती उरते, याचा अंदाज दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला येईल. खेड्यातले गिऱ्हाईक रकमेने कमी, पण खिशाच्या मानाने जास्त खर्च करते. म्हणून ते टिकाऊपणा पाहते आणि माप थोडे मोठे मागते. बाहीच्या व पायजम्याच्या दुमडीत दोन बोटे जादा कापड ठेवणारा कारागीर त्याच्या कायम लक्षात राहतो.

आता भागाभागाचा विचार करू. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाची मजुरी आठवड्याला हाती पडते. तेथे वर्षभर थोडी थोडी खरेदी होते आणि रमजानच्या अखेरीस गर्दी उसळते. विदर्भात कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास फिरू लागतो. मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबांच्या हाती उचल येते ती गाव सोडण्यापूर्वी. कोकणात मुंबईचा व आखाताचा पैसा सणाच्या तोंडावर पोहोचतो. शाळाही सगळीकडे एकदम उघडत नाहीत. इतरत्र जूनच्या मध्यास, तर विदर्भात उन्हामुळे त्यानंतर.

ईद दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण माल भरताना त्याचा हिशेब थोडेच जण करतात. 2018 मध्ये रमजान ईद 16 जूनला आली. गणवेश आणि ईदचा जोड एकाच महिन्याच्या कमाईतून काढावा लागला. 2025 मध्ये ती 31 मार्चला आली, म्हणजे मध्ये अडीच महिन्यांची उसंत मिळाली. 2030 मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल. तेव्हा पातळ सुती मालापेक्षा पूर्ण बाहीचा, जाड पोताचा माल लागेल.

गणवेशाबाबत एक संधी आहे. सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना दोन मोफत गणवेश मिळतात. त्यासाठी प्रत्येकी 300 रुपये धरलेले आहेत. 2024-25 मध्ये हे काम राज्य पातळीवरून झाले आणि अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोहोचले. त्यानंतर 2025-26 पासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. मोहल्ल्यातील शिंप्यांनी चार-पाच जणांचा गट करून, कापडाचा नमुना व लेखी दर घेऊन, उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच समितीला भेटावे. जूनमध्ये जाणाऱ्याला काम मिळत नाही.

कराचाही दिलासा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर 5 टक्केच जीएसटी आहे. पूर्वी हजाराच्या वर 12 टक्के लागे. मुलांचा बहुतेक सर्व माल आता खालच्या दरात बसतो. हा फरक गिऱ्हाइकाला मिळू द्यावा.

आमचे सांगणे एवढेच की, सहा महिन्यांचा माल एकदम भरून उधारीत बुडण्यापेक्षा आपल्या भागात पैसा केव्हा येतो ते वहीत लिहून ठेवावे आणि त्याच्या तीन आठवडे आधी माल आणावा. मुलांचे माप दरवर्षी बदलते. यंदा न खपलेला जोड पुढील वर्षी त्याच पोराला बसत नाही.