गाडीमागून आलेले कार्ड



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सावकारी : जुनी आणि नवी’ असा विषय छापला आहे. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस; कायदा शिकलो तो संघटनेच्या कचेरीत, लोकांचे कागद वाचता वाचता. तेव्हा एकाच कागदाविषयी बोलतो. कागद कसला, चकचकीत तुकडाच तो!

आमच्या मोंढ्यातल्या एका हमालाने हळदीच्या हंगामात चार पैसे गाठीला लागले म्हणून हप्त्याने मोटारसायकल घेतली. शोरूमच्या कोपऱ्यात टेबल टाकून कर्ज देणाऱ्या बँकेचा मुलगा बसलेला. आधार, पॅन, फोटो, दहाबारा ठिकाणी सह्या, आणि मग, ‘काका, मोबाईलवर आकडा आला असेल, सांगा बरं.’ काकांनी सांगितला. एकदा नव्हे, तीनदा. दोन आठवड्यांनी टपालाने पाकीट आले, त्यात क्रेडिट कार्ड. यांना वाटले, गाडीचाच काही कागद असेल. ट्रंकेत ठेवून दिले. पुढे वार्षिक शुल्काचे ४९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपयांच्या घरातली मागणी आली. ‘मी ते वापरलेच नाही, तर पैसे कशाचे?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पण तो त्यांनी बायकोला विचारला, बँकेला नाही. विलंबाचा आकार चढत गेला, आकडा दोन हजारांपुढे गेला, आणि मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेले तेव्हा कळले की सिबिलच्या दप्तरी आपण थकबाकीदार आहोत. गाडीचा एकही हप्ता न चुकवलेला माणूस!

हे कसे घडते? टेबलावरच्या त्या मुलाला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्या डोक्यावर महिन्याला इतकी कार्डे खपवण्याचे टार्गेट असते, आणि त्याची नोकरीही आपल्या हमालीइतकीच कच्ची असते. खरी गोष्ट अशी की गरजू माणूस कर्जासाठी समोर बसला म्हणजे तो कशालाही नाही म्हणत नाही. शेतकरी मंडळींना हे वेगळे सांगायला नको. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेले दुसरे खत गळ्यात मारतात, त्याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात. हेही लिंकिंगच.

मोठ्या बँकांतही हे घडले आहे. मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला १० कोटी रुपयांचा दंड केला. बँकेच्या मोटार-कर्जदारांना त्रयस्थ कंपनीची वस्तू विकल्याचे ते प्रकरण होते. गाडीचा ठावठिकाणा सांगणारे जीपीएस यंत्र कर्जाबरोबरच दिले गेले होते. पुढे बँकेने २०१३-१४ ते २०१९-२० या काळातल्या अशा ग्राहकांना त्या यंत्रावरचे कमिशन परत करण्याचे जाहीर केले. न मागितलेल्या कार्डाची कथा तर याहून जुनी. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात ६०,००० कार्डे लोकांच्या घरी टपालाने टाकली, कोणी मागितली नसताना. अमेरिकेने त्याला कायद्याने बंदी घातली ती १९७० साली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली यासंबंधी स्पष्ट नियम घालून दिले. न मागता कार्ड देण्यास पूर्ण बंदी. संमतीवाचून कार्ड दिले, चालू केले आणि त्यावर पैसे मागितले, तर बँकेने ती आकारणी ताबडतोब मागे घ्यावी. शिवाय तिच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला दंड म्हणून द्यावी. लक्षात घ्या, दंड बँकेने तुम्हाला द्यायचा! तीस दिवसांत कार्ड चालू केले नाही, तर बँकेने पुन्हा ओटीपीने संमती विचारावी. ती मिळाली नाही तर विनामूल्य खाते बंद करावे. चालू न केलेल्या कार्डाची माहिती सिबिलसारख्या संस्थांना कळवूच नये. तुम्ही बंद करा म्हणालात आणि बाकी काही नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे. नाहीतर पुढे दररोज ५०० रुपये.

मग गोम कुठे आहे? ‘संमती’ या शब्दात. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या रोख्यांना आग लावली. न वाचता उठवलेल्या अंगठ्याने जमीन जाते, हे त्यांना कळले होते. १८७९ च्या कायद्याने रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची तजवीज झाली, मात्र मुंबई इलाख्याच्या चार जिल्ह्यांपुरती. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. आज अंगठ्याच्या जागी ओटीपी आला आहे. म्हणून आकडा सांगण्याआधी तो संदेश कोणाकडून तरी वाचून घ्या. तो कशासाठी आहे हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. आणि ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सर्व खर्चाचे एक विवरणपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचे आहे. ते मराठीत मागा. ‘कार्ड घेतल्याशिवाय कर्ज नाही’ असे कोणी म्हटले, तर हेच वाक्य कागदावर लिहून द्या म्हणावे. एका वस्तूसाठी दुसरीची सक्ती ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने निर्बंधित व्यापार-प्रथा ठरते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी नाही.

आमच्या हमालबंधूंचे पुढे काय झाले ते सांगतो. बँकेने प्रथम उत्तर दिले की ओटीपीने संमती घेतली आहे. सुदैवाने मोबाईलमध्ये जुने संदेश शिल्लक होते. तिन्हींत कर्जाचा उल्लेख होता, कार्डाचा एकातही नव्हता. त्यांची नक्कल जोडून पुन्हा अर्ज केला. मग मागणी रद्द झाली, सिबिलची नोंदही दुरुस्त झाली. दुप्पट दंडाविषयी मात्र उत्तरात अवाक्षर नाही. म्हणून चंदीगडला, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या केंद्राकडे, टपालाने तक्रार धाडली आहे. तिलाही फी पडत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा फुकट नंबर आहे. अर्जाची नक्कल आमच्या कचेरीत खिळ्याला अडकवलेली आहे. कोणाला मजकूर उतरवून घ्यायचा असेल, तर संध्याकाळी सहानंतर या. येताना कार्डाचे पाकीट फेकू नका, बरोबर आणा.