पिण्याच्या पाण्याची जीवाणू तपासणी

पाण्यातील प्रत्येक रोगजंतू वेगळा शोधणे व्यवहार्य नसते. म्हणून प्रयोगशाळेत 'ई. कोलाय' हा सूचक जीवाणू शोधतात. तो माणसाच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात आढळला, तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजावे. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिली नमुन्यात तो मुळीच आढळता कामा नये.

नमुना घेणे : क्लोरीन घातलेल्या पाण्यासाठी निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते. ते नसेल, तर उरलेला क्लोरीन बाटलीतही जीवाणू मारत राहतो आणि दूषित पाण्याचा अहवाल 'योग्य' येऊ शकतो. म्हणून ही बाटली विसळू नका. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत तपासणीस द्या.

तपासणी : मॅककॉन्की द्रवमाध्यमात नमुना ३७ अंश सेल्सिअसला ४८ तासांपर्यंत ठेवतात. माध्यमाचा रंग बदलला व आतल्या डरहॅम नळीत वायू साठला, तर कोलिफॉर्म असण्याची शक्यता असते. पुढे ४४ अंशांवर खात्री करतात.

लक्षात ठेवा : जिआर्डियासारख्या परजीवींची पुटी क्लोरीनला ई. कोलायपेक्षा जास्त दाद देत नाही. त्यामुळे 'ई. कोलाय नाही' याचा अर्थ 'कोणताच रोगजंतू नाही' असा होत नाही.