शंभर वर्षांची टिक्-टिक्

आकाशवाणीवर बातम्या सुरू होण्यापूर्वी काही क्षण 'पिप्-पिप्' असा आवाज ऐकू येतो. पूर्वी अनेक घरांत हा आवाज आला की वडीलधारी माणसे मनगटावरचे घड्याळ काढत आणि काटे जुळवून घेत. आपले घड्याळ मागे पडले आहे की पुढे गेले आहे, हे त्या आवाजावरून कळे.

आता थोडा विचार करा. आपले घड्याळ चुकले, हे आपल्याला दुसऱ्या घड्याळावरून समजते. पण ते दुसरे घड्याळ बरोबर आहे, हे कशावरून ठरवायचे? त्यासाठी तिसरे घड्याळ हवे. असे करता करता शेवटी एक घड्याळ असे लागते की ज्यावर सर्वांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा. असे घड्याळ तयार करणे अवघड आहे. त्या घड्याळाची वेळ दूरदूरच्या लोकांपर्यंत क्षणात पोहोचवणे हेही तितकेच अवघड आहे. हे दुसरे काम अमेरिकेतील एक रेडिओ केंद्र अनेक वर्षे करत आले आहे. त्याचे नाव 'डब्ल्यू-डब्ल्यू-व्ही'.

हे केंद्र अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतरांगेजवळच्या फोर्ट कॉलिन्स या गावापाशी आहे. येथे बातम्या नाहीत, गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. रेडिओ लावला की दर सेकंदाला फक्त एक 'टिक्' ऐकू येते. ही टिक् एका सेकंदाच्या हजार भागांपैकी केवळ पाच भाग एवढा वेळ टिकते. मिनिट संपत आले की एक पुरुष शांत आवाजात येणारी वेळ सांगतो. मग एक लांब सूर वाजतो. तो सूर सुरू होतो त्या क्षणी नवे मिनिट सुरू होते. तास सुरू होताना हाच सूर अधिक उंच असतो. प्रत्येक मिनिटातील एकोणतिसावी आणि एकोणसाठावी टिक् मुद्दाम गाळलेली असते. सराव झालेला श्रोता ही छोटीशी शांतताही ओळखतो.

हवाई बेटांवर या केंद्राची एक धाकटी बहीण आहे. तिचे नाव 'डब्ल्यू-डब्ल्यू-व्ही-एच'. ती १९४८ साली सुरू झाली. तेथे वेळ सांगणारा आवाज स्त्रीचा आहे. दोन्ही केंद्रे एकाच वेळी ऐकू आली तर गोंधळ होऊ नये, म्हणून स्त्रीचा आवाज आधी येतो आणि पुरुषाचा नंतर.

या केंद्राचा जन्म मात्र वेळ सांगण्यासाठी झालेला नव्हता. १ ऑक्टोबर १९१९ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेला 'डब्ल्यू-डब्ल्यू-व्ही' हे संकेतनाम मिळाले. मे १९२० मध्ये या केंद्राने वॉशिंग्टन शहरातून संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित केला. तो सुमारे ४० किलोमीटर अंतरापर्यंत ऐकू गेला. तेव्हा रेडिओ ही अगदी नवी गोष्ट होती.

पुढे रेडिओ केंद्रांची संख्या वाढली आणि एक नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक केंद्राच्या लहरी एका सेकंदात ठरावीक वेळा कंप पावतात. या संख्येला वारंवारता म्हणतात. एखाद्या केंद्राची वारंवारता थोडी जरी सरकली, तरी ते शेजारच्या केंद्राच्या कार्यक्रमात घुसते. बाजारात प्रत्येकाचे वजनमाप वेगळे असेल तर व्यवहार कसा चालेल? तसेच हे होते. म्हणून मार्च १९२३ पासून या केंद्राने अचूक वारंवारतेच्या लहरी पाठवायला सुरुवात केली. त्यांच्याशी ताडून इतरांनी आपापली यंत्रे जुळवून घ्यावीत, असा हेतू होता. १९३७ साली त्यात सेकंदाची टिक्-टिक् आली. १९४५ साली मॉर्सच्या सांकेतिक भाषेत वेळ सांगितली जाऊ लागली आणि १९५० सालापासून माणसाच्या आवाजात.

या प्रवासात संकटेही आली. ६ नोव्हेंबर १९४० रोजी मेरीलँड राज्यातील तेव्हाच्या केंद्राला आग लागली आणि इमारत नष्ट झाली. अचूक वारंवारता देणारी यंत्रे मात्र वाचवता आली. ती शेजारच्या इमारतीत बसवण्यात आली आणि अवघ्या पाच दिवसांत प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले. पुढे १ डिसेंबर १९६६ रोजी हे केंद्र आजच्या जागी, फोर्ट कॉलिन्सला आले.

आता या केंद्राचे काम कसे चालते ते पाहू. केंद्रातील घड्याळांत लोलक नाही की चक्रे नाहीत. ती अणुघड्याळे आहेत. सीझियम नावाच्या धातूच्या अणूशी निगडित लहरींची ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ साली जगाने मान्य केली. त्याच आधारावर ही घड्याळे चालतात. या घड्याळांची वेळ रेडिओलहरींवर स्वार होऊन निघते. रेडिओलहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. म्हणजे १,५०० किलोमीटर दूरच्या श्रोत्यापर्यंत टिक् पोहोचायला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो.

पण पृथ्वी तर गोल आहे. मग सरळ जाणाऱ्या लहरी इतक्या दूर कशा पोहोचतात? आपल्या डोक्यावर खूप उंच वातावरणाचा एक थर आहे. सूर्यकिरणांमुळे तेथील वायूंचे कण विद्युतभारित होतात. या थराला आयनांबर म्हणतात. भिंतीवर आपटून चेंडू परत यावा तशा काही लहरी या थरावरून परत जमिनीकडे वळतात. हा थर सतत बदलत असतो. सर्वसाधारणपणे दिवसा जास्त वारंवारतेच्या लहरी दूर जातात आणि रात्री कमी वारंवारतेच्या. म्हणून हे केंद्र २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्झ अशा अनेक वारंवारतांवर एकाच वेळी टिक्-टिक् पाठवते. एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी असते.

या केंद्राच्या श्रोत्यांमध्ये एक खास गट आहे. तो म्हणजे हौशी रेडिओचालकांचा. त्यांना 'हॅम' असे म्हणतात. हे लोक परीक्षा देतात, सरकारचा परवाना घेतात आणि स्वतःच्या रेडिओ यंत्रावरून देशोदेशींच्या मित्रांशी बोलतात. ते या कामाचे पैसे घेत नाहीत. शौक आणि सेवा हाच त्यांचा मोबदला. पूर, वादळ, भूकंप अशा वेळी टेलिफोन बंद पडले तर अनेकदा हेच लोक निरोप पोहोचवतात.

हॅम मंडळींना या केंद्राचा रोज उपयोग होतो. आपल्या यंत्राची वारंवारता बरोबर आहे का, हे ते त्याच्या लहरींवरून तपासतात. आज आकाशातील वाट कोणत्या दिशेला खुली आहे, याचाही अंदाज घेतात. पाच मेगाहर्ट्झवर टिक्-टिक् क्षीण आणि पंधरावर स्पष्ट ऐकू आली, तर आज कोणत्या लहरींवर बोलावे हे त्यांना लगेच समजते.

२०१८ साली या लोकांना एक धक्कादायक बातमी कळली. खर्च कमी करण्यासाठी कोलोरॅडो आणि हवाई येथील ही केंद्रे बंद करावीत, असा प्रस्ताव पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पात मांडण्यात आला होता. त्यातून सुमारे ६३ लाख डॉलर वाचणार होते. आता उपग्रहांवरून वेळ कळते, इंटरनेटवरून कळते, मग या जुन्या केंद्राची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडेल.

हॅम मंडळींकडे त्याचे उत्तर होते. ही वेळ ऐकायला महागडे यंत्र लागत नाही. साधा लघुलहरी रेडिओ पुरतो. इंटरनेट नसलेल्या ठिकाणीही ती पोहोचते. शिवाय मोजमाप करणाऱ्याला तुलनेसाठी एक पक्के माप मिळते. त्यांनी सरकारकडे आपले म्हणणे मांडले, निवेदनांवर सह्या केल्या. शेवटी केंद्रे बंद झाली नाहीत.

या पार्श्वभूमीवर २०१९ साली केंद्राची शंभरी आली. ती साजरी करायला हॅम मंडळी उत्साहाने पुढे आली. त्यांनी 'डब्ल्यू-डब्ल्यू-शून्य-डब्ल्यू-डब्ल्यू-व्ही' या खास संकेतनामाने केंद्राच्याच आवारात आपले तात्पुरते रेडिओ स्टेशन उभारले. २८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर असे पाच दिवस ते रात्रंदिवस चालू होते. एक जण थकला की दुसरा त्याच्या जागी बसे.

हे काम सोपे नव्हते. हॅमचे यंत्र बहुधा शंभर वॅटचे असते. शेजारी मात्र दहा हजार वॅटची यंत्रे सतत चालू होती. ढोल वाजत असताना कुजबुज ऐकावी, तसा हा प्रकार. तरीही त्यांनी कधी बोलून, कधी मॉर्सच्या 'कट्ट-कडकट्ट'मध्ये, तर कधी संगणकाच्या साहाय्याने देशोदेशींच्या हॅमशी संपर्क साधला. अशा संपर्काची आठवण म्हणून हॅम मंडळी एकमेकांना कार्ड पाठवतात. या शंभरीचे कार्ड अनेकांनी जपून ठेवले असेल.

या उत्सवात विज्ञानाचाही वाटा होता. १ ऑक्टोबरला अनेक हौशी निरीक्षकांनी केंद्राकडून येणाऱ्या लहरी दिवसभर मोजल्या. केंद्रातून निघणारी वारंवारता तर बदलत नाही. मग आपल्याकडे पोहोचताना तिच्यात बारीकसा फरक दिसला, तर तो वाटेतल्या आयनांबराने केलेला असतो. म्हणजे अचूक घड्याळावरून आकाशाचाही अभ्यास करता येतो.

एक गंमत पाहा. हे केंद्र आपल्या गावची वेळ सांगत नाही. ते साऱ्या जगाने मान्य केलेली वैश्विक वेळ सांगते. या वेळेनुसार १ ऑक्टोबर सुरू झाला, तेव्हा फोर्ट कॉलिन्सला अजून ३० सप्टेंबरची संध्याकाळ होती. सहा वाजले होते. त्याच क्षणी मालेगावला, भिवंडीला १ ऑक्टोबरची पहाट होती. घड्याळात साडेपाच वाजले होते, कारण भारताची वेळ वैश्विक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.

आपल्या देशातही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून 'ए-टी-ए' या संकेतनामाने असेच वेळसंकेत प्रक्षेपित केले जात. ते प्रक्षेपण आता होत नाही. पण भारतात हॅम आजही आहेत. त्यांची संकेतनामे बहुधा 'व्ही-यू' या अक्षरांनी सुरू होतात. वयाची १२ वर्षे पूर्ण झाल्यावर ही परीक्षा देता येते. तुमच्यापैकी कोणालाही उद्या हॅम होता येईल.

उर्दूतील 'वक्त' हा शब्द मराठीत 'वक्तशीर' होऊन राहिला आहे. जो वेळ पाळतो तो वक्तशीर. जो रोज आपले काम चोख करतो, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. शाळेची घंटा वेळेवर होते, तेव्हा शिपाईकाकांची आठवण कोणाला येत नाही. ती एक दिवस झाली नाही, की सगळे त्यांना शोधू लागतात. त्या केंद्राच्या बाबतीतही असेच झाले. ते बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा त्याचे मोल अनेकांना कळले. हॅम मंडळींना मात्र ते आधीपासून ठाऊक होते, कारण ते रोज कान देऊन ऐकत होते.