व्यवहाराचे पत्र

समोरासमोरच्या बोलण्यात एक मोठी सोय असते. बोलणाऱ्याचे वाक्य अर्धवट राहिले, तर ऐकणारा लगेच विचारतो, "म्हणजे काय?" पत्राला ही सोय नाही. वाचणाऱ्याच्या मनात उठणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कागदानेच द्यावयाचे असते. घरच्या पत्रात काही राहून गेले, तरी आई किंवा मामा ते समजून घेतात. लिहिणाऱ्याचे अक्षरही त्यांना ओळखू येते. व्यवहाराचे पत्र मात्र बहुधा अनोळखी माणसाच्या हाती पडते, आणि त्याच्यापुढे त्याच दिवशी आलेली आणखी कितीतरी पत्रे असतात. म्हणूनच अशा पत्राची मांडणी ठरलेली असते. ती केवळ शोभेसाठी नव्हे. कोणती गोष्ट कागदावर कोठे सापडेल, हे वाचणाऱ्यास आधीच ठाऊक असावे, हा तिचा हेतू होय.

एका शाळेला आपल्या बागेत पावसाळी भाज्या लावावयाच्या आहेत, अशी कल्पना करावी. मुलांनी बियाणे विक्रेत्यास लिहिले :

"आम्हांस भाज्यांचे चांगले बी थोडे पाहिजे. लवकर पाठवावे. – बाग मंडळ, वडगाव."

हे पत्र वाचून विक्रेता काय करील? वडगाव मावळ तालुक्यात आहे, तसेच हातकणंगले तालुक्यातही आहे. भाज्या कोणत्या? 'थोडे' म्हणजे किती? 'लवकर' म्हणजे केव्हा? हे प्रश्न विचारावेत, तर उत्तर पाठवावयाचे कोठे, हाच पहिला प्रश्न! पत्र तसेच पडून राहील. मृग नक्षत्र कोणाच्या पत्रोत्तरासाठी थांबत नाही. ते निघून जाईल आणि बागेतील वाफे रिकामे राहतील. मुलांच्या उत्साहात उणीव नव्हती. उणीव होती ती पत्रात.

तेच पत्र नीट लिहिले, तर ते असे होईल :

माध्यमिक विद्यालय,
मु. पो. वडगाव, ता. मावळ,
जि. पुणे – ४१२ १०६.
दिनांक : २२ एप्रिल २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मे. अ. ब. क. आणि मंडळी, बियाणे विक्रेते,
मार्केट यार्ड, पुणे – ४११ ०३७.

विषय : शाळेच्या बागेसाठी भाज्यांचे बियाणे पाठविण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ६ एप्रिल २०२६ चे दरपत्रक.

महोदय,

आमच्या शाळेच्या बागेत यंदा पावसाळी भाज्या लावावयाच्या आहेत. त्यासाठी पुढील बियाणे पाठवावे, ही विनंती.

१. भेंडी – १०० ग्रॅम
२. गवार – १०० ग्रॅम
३. दोडका – ५० ग्रॅम

बियाण्याची किंमत व टपालखर्च मिळून रु. ४५०/- (अक्षरी रुपये चारशे पन्नास फक्त) या रकमेचा शाळेचा धनादेश सोबत जोडला आहे. बियाणे दि. ५ जून २०२६ पर्यंत वरील पत्त्यावर मिळावे.

कळावे,

आपला विश्वासू,
(सही)
क. ख. ग.
प्रमुख, शालेय बाग मंडळ

सोबत : धनादेश – १

या पत्राचा प्रत्येक भाग एकेका प्रश्नाचे उत्तर आहे. सर्वांत वर लिहिणाऱ्याचा पत्ता असतो. कारण उत्तर तेथेच यावयाचे असते. त्याखाली दिनांक येतो. दिनांकात दिवस, महिना व वर्ष ही तिन्ही असावीत. पेशवाईतील अनेक पत्रांवर महिना व तिथी आहे, परंतु साल नाही. ज्याला पत्र लिहिले, त्याला साल ठाऊकच होते. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अशा जुन्या पत्रांचा काळ ठरविताना संशोधकांना मजकुरातील एकेका खुणेचा माग काढावा लागला. चार अंकांची उणीव पुढच्यांना इतकी महाग पडली!

'प्रति' या शब्दाखाली ज्याला पत्र पाठवावयाचे, त्याचे पद व पत्ता येतो. मोठ्या कचेरीत आलेली पत्रे एक जण उघडतो आणि ज्या त्या विभागाकडे देतो. पत्र कोणाकडे द्यावे, हे त्याला विषयाच्या ओळीवरून कळते. म्हणून विषय एका ओळीत लिहावा आणि एका पत्रात एकच विषय असावा. बियाण्याच्या मागणीतच जुन्या बिलाची तक्रार मिसळली, तर दोन्ही कामे रेंगाळतात. पूर्वी पत्रव्यवहार झाला असल्यास त्याचा दिनांक 'संदर्भ' म्हणून द्यावा.

मजकुराचे साधारणतः तीन भाग पडतात : पत्र कशासाठी लिहिले, नेमके काय हवे आणि ते केव्हा व कसे हवे. येथे 'थोडे', 'चांगले', 'लवकर' हे शब्द उपयोगाचे नाहीत. नाव, वजन व तारीख हीच उपयोगी पडतात. रक्कम अंकांत व अक्षरांत अशी दोनदा लिहितात. एखादे शून्य चुकून वाढले किंवा कोणी वाढविले, तरी अक्षरी आकडा खरे काय ते सांगतो. तक्रारीच्या पत्रातही भाषा सभ्य असावी. रागाचे शब्द वाचणारा दुखावतो, आणि तक्रार बाजूला राहते.

शेवटी सही येते. सही म्हणजे लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी होय. सही पुष्कळदा वाचता येत नाही. म्हणून तिच्याखाली नाव व पद स्वच्छ लिहावे. मराठेशाहीतील राजपत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उमटवीत. पत्र येथे संपले, हे तीवरून कळे. तिच्याखाली कोणी आगंतुक ओळ घातली, तर ती तत्काळ उघडी पडे. आजची सही अशीच मजकुराच्या लगेच खाली असावी, मध्ये मोकळी जागा राहू नये. सोबत जोडलेल्या कागदांची संख्याही लिहावी, म्हणजे एखादा गहाळ झाल्यास लगेच ध्यानात येते.

कागदाच्या डाव्या बाजूस सुमारे तीन सेंटिमीटर समास सोडावा. पत्र फाईलला लावताना त्या बाजूस भोके पाडतात. समास नसेल, तर ओळींचे आरंभीचे शब्दच नाहीसे होतात. पत्ता व सही उजवीकडे लिहिण्याची रीत आहे. टंकलिखित पत्रात मात्र सर्व भाग डावीकडूनही सुरू करतात. जागा बदलली, तरी भागांचा क्रम तोच राहतो. पाठविलेल्या पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. तिला स्थळप्रत म्हणतात.

पाकिटावरचा पत्ता पत्रातील पत्त्याशी जुळला पाहिजे, आणि त्यात पिन कोड अवश्य हवा. ही सहा अंकी योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते, तसेच संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. महाराष्ट्र व गोव्यासाठी तो ४ आहे. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तिहींवरून वाटप करणारे टपाल कार्यालय. मावळातील वडगावचा पिन कोड ४१२ १०६, तर हातकणंगल्याकडील पेठ वडगावचा ४१६ ११२. नाव सारखे असले, तरी पत्र वाट चुकत नाही.

आज पुष्कळसा पत्रव्यवहार ईमेलने होतो. तेथे पाकीट नाही, तिकीट नाही. दिनांकही आपोआप उमटतो. परंतु विषयाची ओळ, अभिवादन, नेमका मजकूर, नाव व पद आणि जोडलेल्या कागदांचा उल्लेख यांची गरज तेथेही तेवढीच आहे.

पत्र लिहून झाले, की पाठविण्यापूर्वी लिहिणाऱ्याने ते एकदा परक्याच्या नजरेने वाचावे. कोणी लिहिले, कोणाला, केव्हा, कशासाठी आणि पुढे काय करावयाचे, या पाच प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर सापडली, तर पत्र खुशाल रवाना करावे.