लॅपटॉपची डिस्क वाढवताना: अडीच इंचांतले अद्भुत

लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. या हिशेबाने तिच्या तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे 66 किलोमीटर वेगाने धावते. तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या पातळ थरावर, वाचणारे-लिहिणारे हेड तरंगत असते. म्हणूनच बहुतेक साध्या हार्ड डिस्क सुमारे 3,000 मीटर उंचीपर्यंतच चालवायच्या असतात. त्यावर हवा विरळ होते आणि हेडला आधार उरत नाही. बालाघाटाच्या पठारावरचे लातूर आणि गोदाकाठचे नांदेड या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. इथल्या डिस्कचे खरे शत्रू तीन: ऊन, धूळ आणि हादरे.

या छोट्या डबीत किती मावते, हे मराठवाड्याच्याच मापाने पाहू. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर ग्रंथ लिहिला. तीच प्रसिद्ध पासोडी. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, आजच्या सर्वमान्य पद्धतीत तीन बाइट घेते. एका ओवीत सरासरी शंभर चिन्हे धरली, तर सव्वा लाख ओव्यांना सुमारे पावणेचार कोटी बाइट, म्हणजे 37.5 एमबी जागा लागेल. जगातली पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएमने 1956 मध्ये आणली. तिच्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या, यंत्राचे वजन सुमारे एक टन आणि क्षमता 50 लाख अक्षरांची. ‘गीतार्णवा’साठी तशी अनेक यंत्रे लागली असती. आज एक टीबीच्या, तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या 26 हजारांहून अधिक प्रती बसतात. या प्रगतीचा एक मोठा टप्पा गाठून देणाऱ्या चुंबकीय शोधासाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना 2007 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही डिस्क भरतेच. लातूरच्या ट्यूशन एरियात नीट-जेईईची तयारी करणारी मुले तासन्‌तासांची लेक्चर्स साठवतात; स्पष्ट दिसणाऱ्या एका तासाच्या व्हिडिओला साधारण एक जीबी लागते. नांदेडला विष्णुपुरीत 1981 पासूनचे श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि 1994 मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना डिझाइनची आणि प्रोग्रॅमिंगची अवजड सॉफ्टवेअर लागतात. अनेक घरांत थोरल्या भावाचा लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे येतो. तो मंद चालतो म्हणून लगेच टाकून देण्याचे कारण नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली की त्यातले बरेच लॅपटॉप आणखी काही वर्षे चांगले काम देतात.

याचे कारण एसएसडीच्या रचनेत आहे. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांच्या चमूने 1987 मध्ये मांडलेल्या नँड फ्लॅश तंत्रावर ती चालते. तिच्यात फिरणारे काहीच नसते. अतिसूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले जातात आणि त्यांच्या संख्येवरून माहिती वाचली जाते. फिरत्या डिस्कला हवी ती जागा हेडखाली आणायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो; एसएसडीला त्याच्याही शंभरावा. एसटीच्या प्रवासातले हादरेही ती सहज सोसते.

नवी डिस्क घेण्याआधी जुनी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. अडीच इंची साटा डिस्कची जाडी 7 किंवा 9.5 मिलिमीटर असते. नव्या लॅपटॉपमध्ये पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी असते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. ते दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. काही मॉडेलमध्ये साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती बदलता येत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तो काढून तिथे कॅडीत जुनी हार्ड डिस्क बसवता येते आणि मुख्य जागी एसएसडी. दोन्ही कामी येतात.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप घ्यावा. विंडोजचे डिस्कला कुलूप घालणारे बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. मग यूएसबी केसिंगमधून नवी डिस्क जोडून तिच्यावर जुनीचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करावा, म्हणजे विंडोज नव्याने मारावी लागत नाही. क्लोन चालू असताना वीज गेली तरी काम अडू नये म्हणून लॅपटॉपची बॅटरी चांगली हवी; ती खराब असेल तर इन्व्हर्टरवर काम करावे. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी काढावी. क्लोननंतर वाढीव जागा रिकामीच दिसते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह वाढवला की ती वापरात येते.

एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसली तर फसवणूक झाली असे समजू नये. कंपनी एक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज सुमारे 107 कोटी. फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

एसएसडीलाही एक मर्यादा आहे. खूप वापरून झिजलेली एसएसडी वीज न मिळता दीर्घकाळ पडून राहिली, तर कप्प्यांतले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात आणि उष्णतेत ही गळती वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. म्हणून लग्नाचे फोटो, सातबारा, गुणपत्रिका अशा गोष्टी एकाच एसएसडीवर ठेवून ती कपाटात विसरू नये. काढलेली जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर केसिंगमध्ये घालून दुसरी प्रत तिच्यावर ठेवावी. ती विकायची असेल तर आधी डेटा पूर्ण पुसावा. निकामी झाली असेल तर भंगारात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनात द्यावी. डिस्क पुन्हा विकत मिळते, पण तिच्यावरचा हरवलेला डेटा बाजारात मिळत नाही. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी बॅकअप घ्या.