विश्लेषण : टुरिंग बाइकला एअर शॉक बसवताय? किती हवा भरावी, काय तपासावे?

लाँग वीकेंडला पुण्याहून गोव्याकडे निघालेल्या टुरिंग बाइकवर मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असतात. मागचा भाग दबतो, हेडलाइटचा झोत वर जातो. खंबाटकी घाटातल्या वळणावर पुढचे चाक हलके वाटू लागते आणि खड्ड्यात शॉक शेवटपर्यंत आपटतो. त्यावर उपाय म्हणून ॲडजस्टेबल एअर शॉक बसवले जातात.

एअर शॉक म्हणजे काय?

यात दाबलेली हवा स्प्रिंगचे काम करते किंवा स्प्रिंगला मदत करते. हवा जितकी दाबली जाते, तितकी ती कडक होत जाते. त्यामुळे वजन वाढले की हवा वाढवायची, उतरले की सोडायची. हार्ले-डेव्हिडसनच्या टुरिंग बाइकना 2016 पर्यंत असे शॉक मिळत. 2017 पासून त्यांची जागा नॉबने प्रीलोड बदलणाऱ्या शॉकनी घेतली.

पल्सरच्या ‘नायट्रॉक्स’पेक्षा वेगळे कसे?

गॅस शॉकमधला नायट्रोजन आतल्या तेलाला फेस येऊ देत नाही. वजन पेलते ती बाहेरची स्प्रिंगच. एअर शॉकमध्ये हवा स्वतः वजन उचलते.

बसवताना काय पाहावे?

नव्या शॉकची लांबी मूळ शॉकइतकीच हवी. जास्त असेल तर मागचा भाग उचलला जाऊन हँडलिंग बदलते, कमी असेल तर टायर मडगार्डला घासू शकतो. शॉक जोडीनेच बदलावेत. बाइकला फ्रेमखाली भक्कम आधार दिल्याशिवाय बोल्ट सोडू नयेत, घट्ट करताना टॉर्क रेंच वापरावा. हवेची नळी सायलेन्सर आणि टायरपासून दूर ठेवावी. जोडांवर साबणाचे पाणी लावल्यास गळती लगेच कळते.

हवा किती भरायची?

मागचे चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजा. मग सामानासह दोघे बसून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. हालचाल 75 मिलिमीटर असेल तर फरक 25 मिलिमीटर. त्याहून जास्त दबत असेल तर थोडी थोडी हवा वाढवा, पण मॅन्युअलमधली कमाल मर्यादा ओलांडू नका.

पेट्रोल पंपावरची हवा चालेल का?

नाही. शॉकमधली जागा अगदी छोटी असते. कॉम्प्रेसरने क्षणात दाब मर्यादेबाहेर जाऊन सील फाटू शकते. शॉकसाठीचा छोटा हातपंप वापरावा. दाब बाइक थंड असतानाच तपासावा. तापमान 27 वरून 57 अंशांवर गेले, तर गेजवरचे 30 पीएसआय साडेचार पीएसआयने वाढू शकतात.

मग जास्त वजन नेता येईल?

इथेच गल्लत होते. हवा भरल्याने मागचा भाग वर येतो, पण टायर, ब्रेक आणि फ्रेमची क्षमता तेवढीच राहते. कंपनीने ठरवलेली कमाल वजनमर्यादा बदलत नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. त्यामुळे शॉक बदलण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटर, आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

आणि गोव्यात बॅगा उतरवल्यावर वाढवलेली हवा सोडायला विसरू नका. रिकाम्या बाइकवर कडक शॉक ठेवले, तर मागचे चाक खड्ड्यांत उसळते आणि रस्त्यावरची पकड सुटते.